हिरडगडाची कमान

पुणे,
१२ डिसेंबर १९९५

प्रिय इंदू,

दिवाळीहून परतून दीड महिना झाला आणि आज कुठे पत्राला बसलो. तुझ्या सासूबाईंनी दिलेले तांदूळ संपले. तुझी वहिनी म्हणते, गडावरून आणखी काही आणत नाहीत, निदान तांदूळ तरी आणतात.

ऑफिस सुटल्यावर तासभर मी तिथेच थांबतो. मी साधा ट्रेसर, दिवसभर दुसऱ्यांनी आखलेले बंगले गिरवतो. हिरडगडाचा नकाशा तेवढा माझा स्वतःचा. पाण्याची सातही टाकी, धान्याच्या अंबरखान्याच्या तीन खोल्या, पश्चिमेचा अर्धा बुरूज, सगळं कागदावर आलं. दरवाजापाशी अडलोय. दाजींनी टेपचं टोक नीट धरलं होतं, मीच आकडा लिहायला विसरलो. कमानीच्या मधल्या दगडापासून उंबरठ्यापर्यंत उंची किती, तेवढं त्यांना कळवायला सांग.

तुझ्या सुपारीच्या दिवसाची आठवण झाली. बारा वर्षं होतील. आपली महाळुंग्याची माणसं आत बैठकीत बसली होती आणि मी अंगणात उभा राहून वर गडाकडे बघत होतो. दाजी बाहेर आले, म्हणाले, "पावणं, गड बघायचा का?" नवरदेव स्वतःच्या सुपारीतून उठला आणि मला घेऊन गेला! परत आलो तेव्हा आपल्या आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं.

बाकीचा गड कुणी ना कुणी मोडलाय. अठराशे अठरा साली इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. तट पावसाने खाल्ला. अंबरखान्याचं छप्पर कधी गेलं ते कुणालाच ठाऊक नाही. पण निजामशाहीतला हा एक दरवाजा सगळ्यातून वाचला. डावीकडे उभा कातळ, उजवीकडे बांधलेली भिंत आणि मध्ये ती टोकदार कमान. चुन्याचा कण नाही, नुसता दगडाला दगड. माझा नकाशा पुरा होईल तो तिच्याच चित्राने.

आरतीला पापा. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा,
सावळेराम

.

माचीवाडी,
५ जानेवारी १९९६

दादास इंदूचा नमस्कार.

पत्र माझ्या नावचं, पण उघडलं ह्यांनी. म्हणाले, गडाचं काय लिवलंय तेवढं बघतो. दुसऱ्या दिवशी दावणीचा कासरा घेऊन वर गेले. कमानीवर चढून कासरा खाली सोडला, गाठ मारली आन घरी आणून आरतीच्या शाळेच्या पट्टीनं मोजला. बारा फूट चार इंच. आरती म्हणती तीन इंच. दोघांचं भांडण लागलं. शेवटी आत्याबाई लेकाला म्हणाल्या, "एका इंचानं गड पडतो का?" तवा गप बसले. तू कुठलं धरायचं ते धर.

तुमी दोघं तिथं काय बघता मला कळत न्हाई. मी वर जाते ती हिरडा येचायला. उन्हाचं कमानीखाली बसलं की गार वारा लागतो, तेवढं मला म्हाईत. पण एक सांगते, तुझं पत्र आलं की ह्यांची दोन दिवस चाल बदलती. चावडीवर बसून निजामशाही सांगतात. आधी लोक हसायचे, आता ऐकतात.

भात झोडून झाला. आरती चौथीत पयली आली.

इंदू

.

पुणे,
२४ जानेवारी १९९६

प्रिय इंदू,

बारा फूट तीन इंच. मी चित्रावरून हिशेब लावला, आरती बरोबर आहे. दाजींना सांग, हरलात.

त्यांना हेही सांग की कमानीच्या दोन्ही खांद्यांवर जी कमळं आहेत ती सारखी नाहीत. डाव्याला आठ पाकळ्या, उजव्याला नऊ. दोन पाथरवट असणार, एकमेकांकडे न बघता काम करणारे. मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं, चित्र काढताना दिसलं.

ऑफिसात मला कुणी काही विचारत नाही, इंदू. हे काढ, ते काढ, एवढंच. तुमच्या चावडीवर माझ्या पत्रातलं ऐकतात हे वाचून छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

सावळेराम

.

माचीवाडी,
२ मार्च १९९६

दादास नमस्कार.

गावात एक विषय निघालाय. भैरवनाथाचं देऊळ नव्यानं बांधायचं ठरलं. यात्रेच्या आत जोतं व्हायला पायजे. खालच्या ओढ्याचा दगड ठिसूळ निघाला. देवळाच्या कामाचे पुढारी भिमाजीबाबा मीटिंगमंदी म्हणाले, "वर घडीव दगड पडून हाय. गड देवाचा, दगड देवाचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे एकटेच बोलले, दरवाजाला हात लावायचा न्हाई म्हणून. पण गावाच्या इरुद्ध किती बोलणार? घरी आले तर जेवले न्हाईत. खाली त्यांनीच लिवलंय.

इंदू

सावळेरामभाऊंना सोपानचा रामराम. पावणं, कमानीला मी कुणाला हात लावू देणार नाही, तो माझा शब्द. पण उजव्या बाजूची भिंत निम्मी ढासळलेलीच आहे. तिचे दगड लोक मागतात. ते घेतले तर कमानीला काही व्हईल का? मला त्यातलं कळत नाही. तुमी जाणते. तुमी नको म्हणाला तर मी आडवा पडंन, व्हय म्हणाला तर गावाचं बी काम व्हईल. लवकर लिवा.

.

पुणे,
९ मार्च १९९६

दाजी,

हे पत्र तुम्हालाच. इंदूला वाचून दाखवा.

गडाचा दगड खाली जाणार म्हटल्यावर जिवावर येतं. पण पडलेला दगड देवाच्या जोत्याला लागला तर वाईट काय, हेही मला कळतं. भिमाजीबाबांना विरोध करून तुम्ही गावात एकटे पडावं असं मला वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. कमानीला काही होणार नाही. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले असतात. बांधताना खाली लाकडी सांगाडा लावतात, आपण स्लॅबला सेंट्रिंग लावतो तसाच. मधला दगड बसला की सांगाडा काढून घेतात. मग दगडच एकमेकांना दाबून धरतात. वर ओझं जितकं जास्त, तितकी पकड घट्ट. कमान स्वतःच्या अंगावर उभी असते, दाजी. शेजारची भिंत ही नुसती भर, बाजूने कुणी शिरू नये म्हणून घातलेली. निम्मी ढासळली तरी कमान हलली का? मग झालं तर. भिंतीचे दगड खुशाल घ्या. कमानीच्या मात्र एकाही दगडाला पहार लागू देऊ नका. एक निघाला की सगळी खाली येईल.

कुणी शंका काढली तर हे पत्र वाचून दाखवा. सांगा, पुण्याच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या माणसाने लिहून दिलंय.

तुमचा,
सावळेराम

.

पुणे,
१६ एप्रिल १९९६

इंदू,

दाजींचा तेरावा करून आलो त्याला आठवडा झाला. तिथे तुझ्याशी बोलणं झालंच नाही. बायका तुला घेरून होत्या. पुरुष माझ्याशी बोलत नव्हते, मला बघून बाजूला होत होते. दुःखात माणसं अशीच वागतात, अशी मी समजूत घातली.

गडावर जायचं धाडस झालं नाही. येताना दवाखान्यात, दाजींबरोबर कमानीखाली सापडलेल्या बहिरूला भेटलो. त्याचा पाय गुडघ्याखाली काढलाय. मी विचारलं, "बहिरू, झालं काय नेमकं?" तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

एक विचार डोकं पोखरतोय, तो तुझ्याजवळ बोलल्याशिवाय राहवत नाही. मी स्वच्छ लिहिलं होतं, कमानीला पहार लावू नका. मग कुणी लावली? दाजींनी शब्द दिला होता. गावापुढे त्यांचं चाललं नसेल, की त्यांनाच मोह झाला? इंदू, त्यांनी माझं ऐकलं असतं तर आज ते असते. तुझ्या कपाळाकडे बघवत नव्हतं आणि त्याच वेळी मला त्यांचा राग येत होता. असा राग येतो याची लाज वाटते.

काय झालं ते मला सांग. मला कळायला हवं.

सावळेराम

.

माचीवाडी,
२ मे १९९६

दादास,

तू इचारलंस म्हणून लिवते. व्हय. कमानीचा एक दगड काढला. देवळाच्या उंबऱ्याला लांब दगड पायजे व्हता, ह्यांनीच काढायला सांगितला. तुझं ऐकलं न्हाई.

आता ह्यावर पुन्हा लिवू नको. आत्याबाईंना तरास व्हतो. आरती शाळेत जायला लागली. मी बरी हाय. भात लावायला ह्यांचे चुलते येणार हायेत.

पावसाळ्यात रस्ता वाहून जातो. येऊ नको.

इंदू

.

पुणे,
१० जानेवारी १९९९

प्रिय इंदू,

सोबत पुस्तिका पाठवतो आहे. 'हिरडगड: इतिहास आणि वास्तू', अठ्ठेचाळीस पानं. चार प्रती गावच्या शाळेला दे. मीही काही वाचनालयांना वाटणार आहे. पहिल्या पानावर बघ, 'टेपचे दुसरे टोक धरणारे कै. सोपान गेणू घोलप यांस' असं छापलंय. सासूबाईंना दाखव.

दरवाजाचं चित्र मधल्या दोन पानांवर आहे. आता तो एवढाच उरला. त्याच्यावर लिहिताना एक वाक्य घालावं लागलं, पान एकतीस. इतिहास लिहायचा म्हटलं की जे झालं ते लिहावं लागतं. तुझ्याच्याने ते वाचवणार नाही, वाचू नकोस.

तीन वर्षांत तू मला एकदाही ये म्हणाली नाहीस. भाऊबीजेला तूच महाळुंग्याला येतेस आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जातेस. माझं काही चुकलं का?

सावळेराम

.

माचीवाडी,
३ फेब्रुवारी १९९९

दादास,

पुस्तक मिळालं. चित्रं झकास. आत्याबाईंना आता कमी दिसतं, तरी लेकाचं नाव छापलंय म्हटल्यावर त्या अक्षरांवर बोट फिरवत बसल्या. एकतीस नंबरचं पान त्यांना वाचून दाखवलं न्हाई. मी वाचलं. बरं लिवलंयस.

शाळेला प्रती दिल्या न्हाईत. ट्रंकेत ठेवल्यात.

तुझं काय चुकलं न्हाई. यात्रेला घर पावण्यांनी भरतं, निवांत बोलणं व्हत न्हाई, म्हणून म्हणते येऊ नको.

इंदू

.

माचीवाडी,
१८ ऑगस्ट २००३

दादास,

आता घरात फोन हाय. पण हे फोनवर सांगता यायचं न्हाई म्हणून कागद घेतला.

आरती बारावीला हाय, नारायणगावला. वारूळवाडीत तिच्या आत्याकडं राहती, ते तुला म्हाईत हाय. तिथल्या एका वाचनालयात तिला तुझं पुस्तक दिसलं. मामाचं नाव बघून हौसेनं घेतलं. शनवारी घरी आली ती तोंड मिटून. चहा पिली न्हाई. मंग पिशवीतनं पुस्तक काढून माझ्यापुढं टाकलं. तेच पान. "स्पष्ट सूचना देऊनही स्थानिक रहिवाशांनी मंदिरासाठी कमानीचा दगड काढला, त्यामुळे चारशे वर्षांची ही वास्तू कोसळली व एकाचा मृत्यू झाला."

म्हणाली, "आई, तो एक म्हंजे आप्पा ना?"

मी व्हय म्हणाले.

"मंग आप्पा असे व्हते? बहिरूकाका तर येगळंच सांगतो."

दादा, मी तुला खोटं लिवलं व्हतं. कमानीच्या दगडाला कुणीच हात लावला न्हाई.

तुझं पत्र आलं तवा ह्यांनी ते भैरवनाथापुढं सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. भिमाजीबाबा म्हणाले, "सावळेराम जाणता हाय, त्यानं लिवलं म्हंजे झालं." मंग पंधरा दिवस लोक वर जात व्हते. ह्यांनी कमानीभवती चुन्याची रेघ मारली व्हती. रेघंच्या आत पहार न्यायची न्हाई. दगड घेतले ते फकस्त भिंतीचे, तू सांगितलेले.

सत्तावीस तारखेला दुपारी भाकरी खायची येळ झाली. ऊन लई व्हतं. बाकीचे टाक्यावर पाण्याला गेले. हे आन बहिरू कमानीखाली सावलीला बसले. वरनं चिमूटभर माती भाकरीवर पडली. बहिरू म्हणाला, "सोपान, ऊठ." तर हे म्हणाले, "बस रे. ही हलायची न्हाई, पावण्यांनी लिवून दिलंय."

एवढंच बोलले. बहिरू उठता उठता सापडला म्हणून पायावर निभावलं.

तेराव्यानंतर तुझं पत्र आलं, त्यांनी माझं ऐकलं असतं तर आज असते, असं. ते मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. मला वाटलं त्या तुला शिव्याशाप देतील. त्या कितीतरी येळ चुलीकडं बघत बसल्या. मंग म्हणाल्या, "लिव त्याला, ऐकलं न्हाई म्हणून. माझा तर गेला. आता तुझा भाऊ कशाला घालवतीस? त्याला कळलं तर तो जगायचा न्हाई." उंबऱ्याच्या दगडाचं त्यांनीच सुचवलं. त्यांनीच घरोघरी जाऊन सांगितलं, सावळेरामाला कुणी काय बोलायचं न्हाई. दोन वर्षांमागं त्या वारल्या, तवर त्यांच्या तोंडून एक शबुद गेला न्हाई. ज्या बाईचा लेक गेला तिनं तुला संभाळलं, दादा. तुला मी येऊ देत नव्हते ते ह्याच्यासाठी. कुणाच्या तरी तोंडून निसटंल ही धास्ती.

पण एका गोष्टीचा इचार आमी दोघींनी केला न्हाई. तुला वाचवायला मी माझ्या नवऱ्याचं नाव खाली घातलं. ते छापलं जाईल आन एक दिवस त्याचीच पोर वाचंल, हे ध्यानात आलं न्हाई.

मी आरतीला अजून काय सांगितलं न्हाई. तू सांग, काय सांगू?

इंदू

.

पुणे,
७ सप्टेंबर २००३

इंदू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. चारही वेळा मी लिहिलं होतं की मला धक्का बसला. तो बसला नाही. मला माहीत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात पुस्तिकेचे नकाशे मी ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरांना दाखवले, कौतुकासाठी. त्यांनी कमानीच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. "ही भिंत आता आहे का?" मी म्हटलं, नाही, लोकांनी दगड नेले. ते म्हणाले, "मग पडणारच. कमानीचा भार नुसता खाली जात नाही, ती दोन्ही बाजूंना रेटत असते. इकडे कातळाने रेटा घेतला, तिकडे भिंतीने. ही भिंत भर नव्हती हो, हिच्याच आधाराने ती उभी होती." मग सहज विचारलं, "काढायला कुणी सांगितली?"

मी म्हणालो, "कल्पना नाही."

घरी येऊन तुझं शहाण्णवचं पत्र काढलं. 'कमानीचा एक दगड काढला.' त्या ओळीला मी बुडता माणूस धरतो तसा धरून बसलो. दगड काढला होता ना, मग माझ्या चुकीने काही झालं नाही. पण तुझ्या पत्रात एक खोट होती आणि ती मला दिसत होती. उंबऱ्याला लांब दगड हवा म्हणून काढला, असं तू लिहिलं होतंस. कमानीतला एकही दगड हातभरापेक्षा लांब नव्हता. मी एकेकाचं चित्र काढलंय, इंदू. त्यांच्यातला कुठलाच उंबऱ्याला पुरला नसता. तू मला वाचवायला खोटं लिहिलंस हे मला त्याच दिवशी कळलं. आणि ते खोटं मी छापलं.

पुढे सहा महिने होते माझ्याकडे. ते वाक्य काढता आलं असतं. उलट मी 'स्पष्ट सूचना देऊनही' हे तीन शब्द नंतर घातले, प्रुफात.

यायचा प्रयत्न केला. एकदा जुन्नरच्या स्टँडपर्यंत आलो आणि तासभर बसून परतीच्या गाडीत चढलो. तू ये म्हणत नाहीस याचं मला वाईट वाटतं असं लिहायचो, आणि ये म्हणत नाहीस म्हणून सुटल्यासारखंही वाटायचं.

सासूबाईंचं वाचलं. त्या गेल्या तेव्हाही मी आलो नाही.

आरतीला तू काही सांगू नकोस. ते मी सांगायला हवं. तू येऊ देणार असशील तर.

सावळेराम

.

माचीवाडी,
१९ सप्टेंबर २००३

दादा,

तुला म्हाईत व्हतं.

मी पत्र घडी घालून ठेवलं आन गोठ्यात जाऊन शेण भरलं. मंग पुन्हा वाचलं. आमी दोघी इतकी वर्षं ज्याला जपत व्हतो तो सगळं जाणून बसला व्हता. आत्याबाई हे ऐकायला न्हाईत, ते बरं झालं.

दसऱ्याला आरती घरी हाय. ये. तिला वर गडावर ने आन तिथं सांग. मी संगं येणार न्हाई.

इंदू

.

पुणे,
१४ ऑक्टोबर २००३

इंदू,

तू वर आली नाहीस आणि खाली आल्यावर काही विचारलंही नाहीस, म्हणून जे झालं ते लिहितो.

आरती पुढे चालत होती. दरवाजापाशी आलो. दरवाजा कसला, कातळाला चिकटून कमानीचे तीन दगड आणि खाली रास. राशीवर करवंदीच्या जाळ्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पत्राचं, इंजिनियरांचं, प्रुफात घातलेल्या शब्दांचंही. ती दगडावर बसून ऐकत होती.

मग म्हणाली, "भिंत नुसती भर हाय, हे तुमाला कुणी सांगितलं व्हतं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"इंजिनियर ऑफिसातच व्हते. इचारायचं तर."

"विचारलं असतं तर मला येत नाही हे दिसलं असतं. तुझ्या आप्पांना मी जाणता वाटायचो. दुनियेत त्यांना एकट्यालाच. ते मला घालवायचं नव्हतं."

ती रडली नाही. मी रडलो, तर म्हणाली, "मामा, आता ते नको." मग बराच वेळ दगड बघत हिंडली. उतरताना एवढंच बोलली, "आप्पांनी तुमचं ऐकलं व्हतं. तेवढं छापा."

भिमाजीबाबांकडे मी एकटा गेलो. देवळाच्या ओट्यावर आठ-दहा माणसं होती. सगळ्यांसमोर बोललो. मग बाबा म्हणाले, "मीबी दगड मागितला व्हता, सावळेराम. तू एकटा नको घेऊ." बहिरू कुबडी घेऊन उठला आणि निघून गेला. मी त्याच्यामागे गेलो नाही. जायला हवं होतं.

छापलेली पट्टी सोबत आहे. मजकूर असा: 'पृष्ठ ३१ वरील विधान खोटे आहे. कमानीच्या दगडाला कोणीही हात लावला नव्हता. बाजूची भिंत काढल्याने ती कोसळली. भिंत काढण्यास हरकत नाही असे प्रस्तुत लेखकाने लिहून दिले होते. कै. सोपान घोलप यांनी त्यावर विश्वास ठेवला.' पुस्तिका चौदा वाचनालयांत आहे. रजा काढून एकेका ठिकाणी जातो आणि समोर बसून चिकटवतो. चार झाली. घोडेगावच्या ग्रंथपालबाईंनी मजकूर वाचला आणि मला पाणी आणून दिलं.

सावळेराम

.

माचीवाडी,
२२ जून २००४

दादास,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं मन व्हत नव्हतं.

मी तुला माफ केलं असं लिवणार न्हाई. ते खरं न्हाई, आन खोटं लिवून काय व्हतं ते आपण बघितलं. ह्यांची आठवण आली की आता दोन गोष्टी संगं येतात, ते गेले ही एक, आन तू छापलंस ही दुसरी. पयलीची सवय झाली व्हती. कधी वाटतं तुझं तोंड बघू नये. कधी लहानपणी तू मला पाठीवर घेऊन घोडनदी वलांडायचास ते आठवतं. दोन्ही खरं हाय, मी काय करू?

बहिरू पयल्यांदा आपणहून आला परवा. म्हणाला, तुझा भाऊ दुसऱ्यांदा आला व्हता, माझ्या दारात दोन तास बसला, मी दार उघडलं न्हाई. पुन्हा आला तर उघडीन म्हणाला. तुला कळवायला सांगितलं न्हाई त्यानं, मी कळवते.

आरतीला पंच्याहत्तर टक्के पडले. पुण्याला शिकायचं म्हणती. मी तिला म्हणाले, मामाकडं राहशील का? ती म्हणाली, न्हाई. हॉस्टेलवर राहीन. मी म्हणाले, बरं. मंग कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, रविवारी मामीकडं जेवायला जात जाईन.

पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीनं येती हाय. स्टँडवर उतरवून घ्यायला ये. तिला हॉस्टेलवर सोड, आन तिनं थांबवल्याबिगर थांबू नको.

इंदू